११८ ते १३१

आत्ता फोनच्या स्पीकरवर एखादं रॉक गाणं लावलंत, तर त्यातली बेस गिटार तुम्हाला जवळजवळ ऐकूच येणार नाही. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला इतका खालचा आवाज काढताच येत नाही. वरच्या स्वरांवरून मेंदू अंदाज बांधतो आणि बेस ऐकल्याचं समाधान करून घेतो. मी हे वाद्य पाच वर्षं, तीन बँडमध्ये वाजवलं. आई पहिल्यांदा आमचा कार्यक्रम ऐकायला आली होती, तेव्हा घरी जाताना रिक्षात म्हणाली, "छान झालं रे. पण त्यातलं तुझं नक्की कुठलं होतं?"

बेस मी निवडला नव्हता. २०१५ मध्ये सांगलीहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो, तेव्हा हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर चार-पाच गिटारवाले होते. बँड काढायचं ठरलं आणि माझ्याहून बरे वाजवणारे दोघं आधीच होते. मग मला सांगण्यात आलं की तू बेस घे, चारच तारा असतात. साडेसात हजारांना जुनी बेस मिळाली. बाबांना सांगितलं, प्रोजेक्टचं सामान आहे.

खरा प्रश्न ड्रमरचा होता. गिटार खोलीत मावते, पण ड्रमसेट ठेवणार कुठे आणि शेजारी वाजवू देणार कोण? म्हणून प्रत्येक शहरात गिटारवाले ढिगाने आणि ड्रमर मोजके. आम्हाला मिळाला तो कुणाच्या तरी आतेभावाचा मित्र होता. पेठेत राहणारा, बी.कॉम. करणारा. ड्रमसेट त्याच्याकडे कधीच नव्हता. तो आठवीपासून ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचा. काड्या हातात खेळलेल्या, मनगटं सैल. घरी उशांवर सराव करायचा आणि रविवारी जॅमरूममध्ये खऱ्या ड्रमवर.

जॅमरूमचे तासाला साडेतीनशे रुपये. पाच जणांत सत्तर-सत्तर. भिंतींना काळा फोम, गळका एसी आणि घामाचा वास. दोन तास वाजवून बाहेर आलो की कान बधिर झालेले असायचे. मग समोरच्या टपरीवर आम्ही ओरडत चहा मागायचो.

बेसवाला आणि ड्रमर यांचं नातं वेगळं असतं. गायक प्रेक्षकांकडे बघतो, गिटारवाले स्वतःच्या बोटांकडे. मी त्याच्या उजव्या पायाकडे बघायचो. त्या पायाने किक ड्रमवर ठोका पडला की त्याच क्षणी माझी तार वाजली पाहिजे. ते जुळलं की दोन वाद्यं ऐकू येत नाहीत, एकच काहीतरी छातीत धडकतं. पाय उचलण्याआधी तो किंचित हनुवटी वर करायचा. त्याची ही सवय त्याला स्वतःला माहीत नव्हती, मला माहीत होती.

आम्ही मिळेल तिथे वाजवलं. कॉलेजच्या गॅदरिंगला, एका कॅफेत पिझ्झाच्या बदल्यात, एका सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात. सोसायटीत मुलांचे नाच लांबले आणि आमचा नंबर साडेनऊला आला. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे तिसऱ्या गाण्याच्या मधेच सेक्रेटरींनी वायर काढली. सगळे गप्प झालो, तो मात्र वाजवतच राहिला. ड्रमला वायर लागत नाही! लहान मुलं त्याच्याभोवती नाचायला लागली आणि सेक्रेटरी हात जोडून उभे राहिले. त्या रात्री आम्ही पाचजण दोन बाइकवरून हॉस्टेलला आलो.

२०१८ च्या हिवाळ्यात एक मोठी स्पर्धा होती. त्यासाठी आम्ही क्लिक ट्रॅकवर सराव सुरू केला. क्लिक म्हणजे कानातल्या हेडफोनमध्ये वाजणारी टकटक. मिनिटाला १२० ठोके ठरवले, तर बरोबर अर्ध्या सेकंदाला एक. माणूस चुकतो, क्लिक चुकत नाही.

तो क्लिकच्या पुढे पळायचा. मुद्दाम नाही. पथकात वाजवणं चढत जातं, ताशा ओढतो आणि ढोल मागून येतात. लय वाढली की अंगावर काटा येतो, त्यासाठीच ते असतं. त्याच्या हातांना तेच माहीत होतं. गाणं रंगलं की त्याचा वेग वाढायचा आणि गिटारवाल्याचा सोलो धापा टाकायला लागायचा.

कुणीतरी त्याच्याशी बोलायला हवं होतं. बोलणं जमत नव्हतं, म्हणून मी मोजायला घेतलं. फोनवर रेकॉर्ड केलेले बारा सराव काढले, प्रत्येक कडव्याचा वेग मोजला, एक्सेलमध्ये भरला आणि आलेख काढला. ११८ ला सुरू झालेलं गाणं १३१ ला संपत होतं. बाराही रेषा वर जात होत्या. मी त्याची पीडीएफ केली आणि बँडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'नथिंग पर्सनल. डेटा बघा.'

तो ग्रुपवर होता. दोन निळ्या टिका आल्या. रात्री त्याने अंगठा पाठवला आणि ग्रुप सोडला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्या स्पर्धेसाठी आम्ही बसवत असलेल्या गाण्यांत लेड झेपलिनचं १९७१ सालचं 'स्टेअरवे टू हेवन' होतं. ते गाणं संथ सुरू होतं आणि शेवटाकडे चांगलंच वेग घेतं, ठरवून. हे मला तेव्हाही माहीत होतं. आलेखात मी ते गाणं घेतलं नाही.

नवा ड्रमर आला. त्याचा ठोका इकडचा तिकडे होत नसे. आम्ही खरंच सुधारलो, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्पर्धेत तिसरे आलो, परीक्षकांनी 'टाइट बँड' म्हणून कौतुक केलं. पण चांगला ड्रमर सगळ्यांनाच हवा असतो. तो आणखी तीन बँडमध्ये वाजवत होता आणि आमच्यासाठी त्याला महिन्यातून एक रविवार मिळायचा. मग प्लेसमेंट आल्या. एक बेंगळुरूला, एक एम.एस.ला. २०१९ मध्ये बँड संपला. त्यानंतर ऑफिसातल्या मुलांबरोबर दोन बँड झाले, शेवटचा मार्च २०२० पर्यंत. मग जॅमरूमच बंद झाल्या. बेस कपाटावर गेली.

पुढे कामात मी रोज आलेख काढत राहिलो. कुठला सर्व्हर मंद आहे, कुठला कोड किती वेळ घेतो. ते माझं काम आहे आणि मला ते आवडतं. पण एखाद्या ज्युनिअरच्या चुकांचा तक्ता मीटिंगमध्ये स्क्रीनवर लावायची वेळ आली की हात थांबतो.

२०२२ मध्ये दोन वर्षांच्या खंडानंतर विसर्जन मिरवणूक पुन्हा दणक्यात निघाली. अलका टॉकीज चौकात गर्दीत उभा होतो. एक पथक आलं आणि पुढे ताशावर तो. हनुवटी वर गेली आणि मला पुढचा ठोका कळला. लय चढत गेली, शंभरेक ढोल त्याच्या मागे आणि चौकातली माणसं उड्या मारायला लागली. माझेही पाय सुटले.

पथक विश्रांतीला थांबलं तेव्हा मी पाणी घेऊन गेलो. त्याने बाटली घेतली, अर्धी प्यायला, उरलेली डोक्यावर ओतली.

"सॉरी," मी म्हणालो. "चार वर्षं उशीर झाला."

"वेग वाढायचा रे माझा. बरोबर होतं तुझं." तो काड्यांना टेप गुंडाळत होता. "पण शेजारी उभा राहायचास ना तू? तोंडाने सांगायचं. कागद कशाला काढलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ड्रमवर परत बसलास का, असं विचारलं. नाही म्हणाला. मग शिट्टी झाली आणि तो गेला.

पुढच्या वर्षी मीच फोन केला. पथकात नवीन मुलं घेतात का? म्हणाला, ये, पण ढोलच मिळेल. नदीकाठी सराव सुरू झाला. कमरेला ढोल बांधून आयटीतली बरीच मंडळी उभी होती, मी शेवटच्या रांगेत. तिसऱ्या दिवशी हाताला फोड आले. आणि गंमत म्हणजे, लय चढायला लागली की मी मनातल्या मनात मोजायला लागायचो आणि हमखास मागे राहायचो.

एका संध्याकाळी त्याने वादन थांबवलं. सगळं पथक गप्प. काडी माझ्याकडे रोखून तो तिथूनच ओरडला,

"ए शेवटचा ढोल! मागे पडतोयस!"

साठ-सत्तर जणांनी वळून बघितलं. "हो," मी ओरडलो. त्याने हनुवटी वर केली.