रविवारचे काम

मुलांनो, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. रात्री घरी बसून मी इतिहासाची प्रश्नपत्रिका संगणकावर लिहीत होते. त्यासाठी मी एक मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरते. त्याची नवी आवृत्ती मी त्याच दिवशी उतरवून घेतली होती. पाहते तर काय, सगळे प्रश्नांक ओळीच्या डाव्या टोकाला जाऊन बसलेले! उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

अकरा वाजून गेले होते. मला फार राग आला. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांचा पत्ता शोधून मी इंग्रजीत ई-मेल लिहिला. शब्दकोश जवळ घेऊन रागावणे किती अवघड असते, ते मला त्या रात्री कळले. तरी मी लिहिलेच, "उर्दू लिहिणाऱ्यांची तुम्हांला काही किंमत आहे की नाही? ही चूक ताबडतोब दुरुस्त करा." मग सगळे आकडे एकेक करून हाताने जागेवर घातले आणि झोपले.

चार दिवसांनी उत्तर आले. दूरच्या एका देशातील गृहस्थांनी लिहिले होते, "मी दिवसा नोकरी करतो. हे काम रविवारी करतो. मला उर्दू वाचता येत नाही. चूक झालेले एक पान पाठवाल का? आकडा कोठे हवा, तेही दाखवा."

ते वाचून मी गप्प झाले. मी ज्यांना हुकूम सोडला होता, त्यांना माझ्याकडून एक पैसाही मिळत नव्हता.

अशा सॉफ्टवेअरला 'मुक्त स्रोत' म्हणतात. त्यातील सूचना संगणकाच्या भाषेत कोणी, कशा लिहिल्या, हे सर्वांना उघडपणे पाहता येते. कोणीही ते वापरावे, त्यात सुधारणा करावी आणि दुसऱ्याला द्यावे, अशी परवानगी असते. बहुतेक परवान्यांत असेही लिहिलेले असते, की हे जसे आहे तसे देत आहोत, याची हमी नाही. ते कलम आपण वाचत नाही. मीही वाचले नव्हते.

हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये लिनक्सची सुरुवात केली, तेव्हा हा केवळ आपला छंद आहे असे त्याने जाहीर केले होते. आज घरोघरचे अँड्रॉइड मोबाइल लिनक्सच्याच पायावर चालतात. लिनक्सवर काम करणाऱ्या पुष्कळांना आता कंपन्या पगार देतात. पण त्याच्या आधाराला असलेले कितीतरी लहान प्रोग्रॅम आजही एखाददुसरा माणूस फावल्या वेळात सांभाळतो.

'एक्सझेड' हा असाच एक प्रोग्रॅम. मोठ्या फाइली दाबून लहान करणे, एवढेच त्याचे काम. फिनलंडमधील लासे कॉलिन अनेक वर्षे तो विनामूल्य सांभाळत होते. 2022 मध्ये त्यांना अनोळखी नावांनी तगादे येऊ लागले. नवी आवृत्ती का निघत नाही? तुम्हांला जमत नसेल, तर दुसऱ्याला का नेमत नाही? आपली प्रकृती ठीक नाही आणि हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असे त्यांनी सांगून पाहिले. तगादे थांबले नाहीत. 'जिया टॅन' असे नाव लावणारी एक व्यक्ती मात्र गोड बोलून मदत करत होती. हळूहळू काम तिच्या हाती गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये निघालेल्या आवृत्तीत तिने एक चोरदरवाजा लपवला. त्यातून परक्याला दुसऱ्याच्या संगणकात शिरता आले असते. ते तगादेही त्याच डावाचा भाग असावेत, असे जाणकार मानतात.

ही आवृत्ती अजून थोड्याच ठिकाणी पोहोचली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो, असे दिसले. अर्धा सेकंद! आपण तिकडे लक्षही दिले नसते. त्यांनी शोध घेतला आणि 29 मार्च 2024 रोजी सर्वांना सावध केले.

ही हकिगत वाचताना मला माझाच ई-मेल आठवत राहिला. माझ्या मनात कपट नव्हते, हे खरे. पण त्या तगाद्यांची भाषा आणि माझी भाषा यांत फारसा फरक नव्हता. थकलेल्या माणसाला दोन्ही सारखीच लागली असती.

आणखी एक आठवले. शाळा सुटल्यावर मी शिष्यवृत्ती परीक्षेसाठी मुलांचा जादा वर्ग घेते. त्याची फी नाही. एकदा माझ्या मुलीला ताप आला, म्हणून दोन दिवस वर्ग झाला नाही. तिसऱ्या दिवशी एक पालक दारातूनच म्हणाले, "आपा, वर्ग घ्यायचा तर नीट घ्या, नाहीतर घेऊच नका." त्या रात्री मी जेवले नाही. आणि तरीही, मुलांनो, तो ई-मेल मीच लिहिला होता!

तक्रार करूच नये, असे मी म्हणणार नाही. मी कळवले नसते, तर उर्दू न वाचणाऱ्या त्या गृहस्थांना चूक दिसलीच नसती. मी त्यांची क्षमा मागितली आणि पान पाठवले. आकडा जेथे हवा तेथे लाल बाण काढला. पुढच्या आवृत्तीत आकडे उजवीकडे आले.

आता नवी आवृत्ती निघण्यापूर्वी तिची चाचणीची प्रत मी उतरवून घेते आणि उर्दूचे एक पान लिहून पाहते. या वेळी अवतरणचिन्हे उलटी दिसली. पानासह कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. मध्ये दोनच रविवार गेले आहेत.