रजेचा गणपती

रत्नागिरीत बँकेच्या कर्मचारी विभागात असताना श्रावण सरला की टेबलावर रजेच्या अर्जांचा ढीग साचे. चतुर्थीची सुट्टी सर्वांनाच. वाद पुढील दिवसांचा. घरी दीड दिवसांचा असलेला गणपती अर्जावर येताच पाच दिवसांचा होई! हसू येई, पण रागावता येत नसे. गावच्या घराची ओढ खरी होती. त्याच सुमारास येणाऱ्या आपल्या संवत्सरीमुळे ती मला उमगे. तथापि कॅश काउंटर रिकामे ठेवता येत नव्हते. अखेर ठरविले : गतवर्षी ज्याने काउंटर सांभाळले, त्याला यंदा प्रथम रजा. कुरकुर उरली, संशय मात्र गेला. पेढीवरील नोकरालाही नाकारलेल्या रजेपेक्षा पक्षपातच अधिक बोचतो.