लाल रेघ का उमटत नाही

प्रिय मंजू,

तुझी मेल मिळाली, सोबतचा तिरपा फोटोही. मेलबर्नच्या थंडीबद्दल एक ओळ आणि बाकी सगळं नोटपॅड प्लस प्लसबद्दल! मंडळाच्या अंकाचं काम भलतंच अंगावर आलेलं दिसतंय. जुना लॅपटॉप होता तोवर चुकीच्या शब्दाखाली मुकाट्याने लाल रेघ यायची. आता नव्यावर एडिटर उघडला की 'हे प्लगिन चालणार नाही, काढून टाकू का?' अशा अर्थाची चौकट येते. तू 'हो' म्हणतेस, पेन ड्राइव्हवरून प्लगिनची फाइल पुन्हा आणून टाकतेस, की पुन्हा चौकट हजर.

अगं, आधी ते 'हो' म्हणणं बंद कर. 'हो' म्हटलं की एडिटर ती फाइलच पुसतो, मग तपासायला हाताशी राहतं काय? आणि काढून पुन्हा टाकण्याने काही निष्पन्न होत नाही. तीच फाइल त्याच जागी ठेवलीस तर वेगळं काय घडणार? आपल्याकडे संगणकावरचा हा सर्वमान्य उपचार आहे: बंद कर, चालू कर, काढ, घाल. कधी गुण येतो, पण नक्की काय बिघडलं होतं ते कळत नाही ते नाहीच.

तुला एक वाटतंय त्या सोयीत खरं तर चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एडिटर डॉन हो यांचा, २००३ पासूनचा. डीस्पेलचेक हे त्यात बसणारं प्लगिन वेगळ्या हातांनी लिहिलेलं. आणि त्या प्लगिनच्या पोटात शब्द तपासणारं इंजिन आहे हनस्पेल, ते लास्लो नेमेथ यांनी मूळ हंगेरियन भाषेसाठी केलं. लिबरऑफिस आणि फायरफॉक्सही तेच वापरतात. हनस्पेलला शब्दकोशाच्या फायली लागतात, त्या आणखी कोणीतरी तयार केलेल्या. लाल रेघ उमटली नाही तर यातला कोणता दुवा तुटलाय हे आधी शोधायचं. तुझ्या बाबतीत शब्दकोशापर्यंत गाडी पोचलेलीच नाही, कारण प्लगिनच आत शिरत नाहीये.

आता एक कर. मेनूच्या उजव्या टोकाला नुसतं प्रश्नचिन्ह आहे, त्यात 'डिबग इन्फो' म्हणून एक ओळ आहे, ती उघड. पहिल्याच ओळीत आवृत्तीचा आकडा दिसेल आणि कंसात ३२-बिट की ६४-बिट तेही. खाली फायली कुठून वाचल्या जातात तो मार्ग आणि शेवटी लोड झालेल्या प्लगिनांची यादी असते. इतकी कामाची खिडकी इतक्या आडबाजूला का ठेवतात, देव जाणे.

माझा अंदाज असा, की तिथे ६४-बिट दिसेल. तुझा जुना लॅपटॉप दहा वर्षांचा तरी असेल, म्हणजे त्यावरचा एडिटर बहुतेक ३२-बिटचा. नोटपॅड प्लस प्लसची ६४-बिट आवृत्ती आली २०१६ मध्ये. विंडोजचा नियम पक्का आहे: ६४-बिट प्रोग्रामच्या आत ३२-बिटची डीएलएल, म्हणजे प्लगिनची असते तशी फाइल, चढत नाही, उलटही नाही. मिरजेला आपण तिन्ही गेजचे रूळ पाहिलेत ना, तसंच समज. बार्शी लाइटचा नॅरोगेज डबा कितीही सुस्थितीत असला तरी ब्रॉडगेजवर चढायचा नाही. त्यात गंमत म्हणजे अशा वेळी विंडोज जो संदेश देतो, त्याचा अर्थ 'हे वैध विन३२ ॲप्लिकेशन नाही' असा होतो. फाइल ३२-बिटची असल्यानेच अडलंय आणि संदेश म्हणतो ती विन३२ नाही! क्रमांक १९३ दिसला तर शब्दांकडे लक्ष देऊ नकोस, दोन बाजूंचे बिट जुळत नाहीत एवढंच समज.

बिट जुळले तरी आणखी एक खोच आहे. आधी सगळ्या प्लगिनांच्या डीएलएल 'प्लगिन्स' फोल्डरमध्ये सरसकट टाकलेल्या चालायच्या. २०१८ च्या अखेरीस आलेल्या ७.६ आवृत्तीपासून ही पद्धत बदलली. आता प्रत्येक प्लगिनला स्वतःचं फोल्डर लागतं आणि फोल्डरचं नाव डीएलएलच्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं. डीस्पेलचेकची डीएलएल डीस्पेलचेक नावाच्याच फोल्डरात हवी. 'डीस्पेलचेक नवीन' किंवा 'डीस्पेलचेक कॉपी' असं फोल्डर केलंस तर एडिटर तिकडे ढुंकूनही बघणार नाही, आणि तक्रारही करणार नाही. ही मुकी नापसंती मला त्या चौकटीपेक्षा वाईट वाटते. चौकट निदान काहीतरी बोलते.

म्हणून पेन ड्राइव्हवरची ती डीएलएल विसर. प्लगिन्सच्या मेनूत 'प्लगिन्स ॲडमिन' आहे, तोही ७.६ पासूनच आला. त्यात डीस्पेलचेक शोध, खूण कर, इन्स्टॉल म्हण. तुझ्या एडिटरला जुळणारी प्रत तो स्वतः उतरवतो, योग्य फोल्डरात ठेवतो आणि एडिटर बंद करून पुन्हा उघडतो. मध्येच विंडोज परवानगी मागेल, ती दे. त्याआधी जुनी डीएलएल तिथून हलवून ठेव, नाहीतर दोघींची गल्लत होईल. मग पुन्हा डिबग इन्फो बघ. यादीत डीस्पेलचेकचं नाव आलं की लोड होण्याचा प्रश्न मिटला.

नाव आलं आणि रेघ मात्र नाही, असं झालं तर प्लगिनच्या मेनूत आपोआप तपासणीची खूण चालू आहे का ते बघ आणि कोणती भाषा निवडली आहे तेही बघ. प्रोग्रामच्या फायलींत फक्त कॉमेंट आणि स्ट्रिंग तपासायची अशीही एक सेटिंग आहे, तीही नजरेखालून घाल.

आता शब्दकोश. हनस्पेलला प्रत्येक भाषेसाठी जोडफायली लागतात. शेवटी 'डिक' असलेल्या फायलीत शब्द असतात, 'अफ' असलेल्या फायलीत प्रत्ययांचे नियम. दोन्हींचं नाव एकच हवं आणि दोन्ही प्लगिनच्या सेटिंगमध्ये दाखवलेल्या हनस्पेल फोल्डरात हव्यात. इथे बरेच जण फसतात. कोशाच्या पानावर उजवी टिचकी मारून 'सेव्ह' म्हणतात, तेव्हा कोशाऐवजी ते वेबपानच डिकच्या नावाने उतरतं. फाइल दिसते, आकारही बऱ्यापैकी असतो, पण आत एचटीएमएल. ओळखायची खूण सोपी आहे: डिक फाइल उघड, पहिल्या ओळीत नुसता आकडा हवा. तो शब्दांची साधारण संख्या सांगतो. आकड्याऐवजी टोकदार कंसातला मजकूर दिसला तर फाइल टाकून दे आणि पानावरच्या 'रॉ' किंवा 'डाउनलोड' बटणाने नव्याने उतरव.

मराठीचा कोश बसला की तुला वाटेल, सगळं बिघडलंच! बरोबर लिहिलेल्या शब्दांखालीही रेघा येतील. त्याला प्लगिन जबाबदार नाही. 'घर' शब्दाचं बघ: घराला, घराने, घरातून, घरापर्यंतच्या, घरातल्यांनासुद्धा. एवढी सगळी रूपं कोशात कोण भरणार? म्हणून मूळ शब्द एकदा लिहायचा आणि प्रत्यय नियमांनी सोलायचे. ही युक्ती जुनी आहे. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी युनिक्सचा स्पेल प्रोग्राम सुधारला, तेव्हा पीडीपी-११ यंत्रावर एका प्रोग्रामला ६४ किलोबाइटच्या मर्यादेत राहावं लागे. त्यांनीही इंग्रजी शब्दांचे प्रत्यय सोलून जागा वाचवली. हनस्पेल प्रत्ययांचे दोन थर सोलू शकतं, कारण हंगेरियनमध्येही शब्दाला शेपट्यांवर शेपट्या लागतात. आपलं 'घरातल्यांनासुद्धा' तेवढ्यात कसं आवरायचं? तिसरा-चौथा थर नियम लिहिणाऱ्याने आधीच जोडून ठेवला असेल तरच शब्द ओळखला जातो. माझं मत विचारशील तर मराठीत लाल रेघ म्हणजे 'इथे एकदा बघ', याहून जास्त मान तिला देऊ नये. पण बंदही करू नये. 'दिपावली' आणि 'आशिर्वाद' ही दोन चुकीची रूपं अंकात किती लेखक हमखास लिहितात, तुला ठाऊक आहेच.

बरोबर शब्दावर रेघ आली की त्यावर उजवी टिचकी मारून तो आपल्या यादीत घाल. लेखकांची आडनावं, गावांची नावं, पदार्थांची नावं सगळी घाल. पण घालण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ तपास, कारण एकदा चुकीचं रूप यादीत गेलं की ते कायमचं बरोबर ठरतं. ही यादी साध्या मजकूर फायलीत साठते. तुमचा अंक छपाईला गेला की ती फाइल मला पाठव, आमच्या वाचनालयाच्या वार्षिकालाही तेच शब्द लागतात.

तुझी,
शालू