तीन पानांची वेल

नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी आम्ही उभयता न्यू जर्सीला लेकीकडे गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. वसईच्या वाडीत हयात घालवलेल्या माणसाला रिकामे हात सोसत नाहीत. मे महिना होता. घरामागच्या कुंपणावर तांबूस, चकचकीत पानांची एक वेल माजली होती. शनिवारी दुपारी हिने स्वेटरच्या बाह्या वर सारून ती उघड्या हातांनी ओढून काढली. आम्ही बसल्या जागेवरून सल्ले दिले.

सोमवारी रात्री हिच्या मनगटांना खाज सुटली. मंगळवारी सकाळी दोन्ही हातांवर लाल रेघा उमटल्या होत्या आणि त्या रेघांवर बारीक पाणीदार फोड. ‘नागीण आहे ही,’ हिने निदान केले आणि त्या क्षणापासून बाळाला शिवणे सोडले. नातवाला मांडीवर घेण्यासाठी सातासमुद्रापार आलेली आजी दाराआडून त्याचे रडणे ऐकत बसली. लेकीनेही आग्रह केला नाही. ते हिला फोडांपेक्षा अधिक लागले असावे.

बुधवारी त्वचारोगतज्ज्ञांनी हात पाहताच विचारले, ‘बागकाम केलेत का?’ नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते आणि बरेचदा फोडांआधी तिथे ठणका लागतो. इथे ठणका नव्हता, खाज होती. तीही दोन्ही हातांना, आणि पाने जिथे घासली तिथेच रेघा. वेल पॉयझन आयव्हीची. तीन-तीन पानांचा झुबका, मधल्या पानाचा देठ लांब. तिकडची मुले हे लहानपणीच शिकतात. तिच्या चिकातल्या उरुशिऑल नावाच्या तेलाचा हा सारा प्रताप.

‘आंबा बाधतो का?’ हा दुसरा प्रश्न. आम्ही चकित झालो. लहानपणी कैऱ्या खाताना चिकाने हिचे ओठ उतत, हे खरेच होते. आंबा, काजू, बिब्बा आणि ही वेल एकाच कुळातली. प्रथमच संपर्क आलेल्याच्या अंगावर पुरळ उठायला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. शरीराला आधीची ओळख असेल तर एकदोन दिवस पुरतात. हिची ओळख वसईतल्या आंब्याखालीच झाली असावी, असे डॉक्टरांचे मत पडले. बिब्बा उतलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्याचा भाऊबंद परमुलखात असा भेटेल, असे वाटले नव्हते.

‘बाळाचे काय?’ हिने विचारले. फोडांतल्या पाण्याने हा विकार दुसऱ्याला होत नाही, असे डॉक्टर म्हणाले. भीती तेलाची. चीक लागताच साबण-पाण्याने धुतला तर बरेच निभावते. पण कपड्यांवर, अवजारांच्या मुठींवर, कुत्र्याच्या केसांवर ते तेल महिनोन्महिने टिकते. वेल जाळली तर धुरावाटे छातीत जाते. श्वास अडखळला किंवा चेहरा, डोळे सुजले तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. उपटलेल्या वेलीचा ढीग आम्ही त्याच संध्याकाळी पेटवणार होतो! आणि शनिवारचा तो स्वेटर? चार दिवस तो पाळण्याशेजारच्या खुंटीवर लटकत होता.

बाळ सुखरूप राहिले. स्वेटर आम्हीच, रबरी हातमोजे घालून, दोनदा धुतला. रविवारी हिने पूर्ण बाह्यांचे पोलके घातले होते. चर्चच्या पायऱ्यांवर लेकीने स्वतःहून बाळ तिच्या हाती दिले.