गेर कवा अडते?

"मिस्त्री, गेर लय हार्ड झाला."

गुरुकुंज मोझरीला महामार्गाच्या कडेला माझं शेड आहे. रस्त्याचा जुना नंबर 6, आता 53. हे वाक्य मी तिथे वर्षानुवर्षं ऐकत आलोय. आंबिया बहाराची संत्री निघाली की जरा जास्तच. मोर्शी-वरुडकडून कॅरेट भरलेल्या पिकअप रात्रभर धावतात आणि सकाळी ड्रायव्हर डावा खांदा चोळत खाली उतरतो. रात्रभर त्याने गाडी चालवलेली नसते, गिअरच्या दांड्याशी झुंज घेतलेली असते.

तक्रार चार शब्दांची, पण तिच्या पोटात सात-आठ वेगवेगळे आजार असू शकतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी मी विचारतो, "कवा?" थंड गाडीत की गरम झाल्यावर? सगळे गिअर की एकच? उभ्या गाडीत की चालत्या? वरचा टाकताना की खालचा? ड्रायव्हर वैतागतात. "तुमी पाहा ना भाऊ, मी काय सांगू?" पण सांगायचं सगळं त्यांच्याच हाताला माहीत असतं. पाचशे किलोमीटर त्या दांड्यावर ठेवलेला तळहात माझ्यापेक्षा जास्त जाणतो. त्याला फक्त कोणी विचारलेलं नसतं.

गिअर पडतो म्हणजे आत काय होतं, ते आधी सांगतो. समजा चौथ्यात इंजिन मिनिटाला 2,000 फेऱ्यांवर चाललंय. अशा बहुतेक बॉक्समध्ये चौथा सरळ असतो, एकास एक. तिसऱ्याचं प्रमाण दीडास एक धरा. गाडीचा वेग तोच ठेवून तिसरा टाकायचा तर आतला शाफ्ट 2,000 वरून 3,000 वर यायला हवा, तोही डोळ्याचं पातं लवेपर्यंत. हे काम सिंक्रो रिंग करते, पितळेची, बांगडीएवढी. ती शेजारच्या शंकूवर घासते, दोघांचा वेग जुळवते, आणि वेग जुळला की मगच स्लीव्हला दातांत शिरू देते. क्लच पुरता सुटलेला असेल तर रिंगला फक्त क्लच प्लेट, शाफ्ट आणि त्यांच्यासोबत फिरणारे गिअर एवढंच ओढायचं असतं. क्लच थोडा जरी धरून राहिला, तर त्या बांगडीला अख्खं इंजिन ओढावं लागतं. ते तिला कसं झेपणार? दांडा अडतो, ड्रायव्हर जोर लावतो, रिंग झिजते. मग बॉक्स उघडणाऱ्याला झिजलेली रिंग दिसते आणि तो तिलाच दोष देतो.

हा दोष मीही दिलेला आहे.

शेड टाकून दोनच वर्षं झाली होती. उन्हाळ्यात एका शेतकऱ्याची पिकअप आली. गिअर अडतात, रिव्हर्सला खर्रकन आवाज. मी इंजिन सुरू ठेवून दांडा हलवून पाहिला आणि सांगून टाकलं, "काका, सिंक्रो गेले." बॉक्स उतरवला, रिंगा बदलल्या, तेल नवं घातलं. तुरीच्या पैशातून त्यांनी बिल चुकतं केलं. गाडी थोडी हलकी झाल्यासारखी वाटली, कारण नवीन रिंगा काही दिवस ओझं सोसतात. पावसाळा लागेपर्यंत तक्रार परत आली. मी म्हणालो, नवीन पार्ट आहेत, बसायला वेळ लागेल. ते काही बोलले नाहीत.

त्याच वर्षी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या महोत्सवात, आश्विन वद्य पंचमीला, महाप्रसादाचा भाजीपाला घेऊन आलेली एक पिकअप माझ्या शेडसमोर अडली. तीच लक्षणं. इंजिन सुरू, मी सीटवर, दांड्याशी माझी ओढाताण चाललेली. दुपारी 4 वाजून 58 मिनिटं होत आली. 11 ऑक्टोबर 1968 ला महाराज गेले, ती ही वेळ. दरवर्षी या मिनिटाला मौन श्रद्धांजली असते, आणि लाखोंची गर्दी जमलेल्या मोझरीत त्या वेळी पानही वाजत नाही. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं, खाली उतरलो, हात जोडून उभा राहिलो. ड्रायव्हरही माझ्या शेजारी उभा होता.

मौन संपलं. ड्रायव्हर आत बसला आणि चावीला हात लावण्याआधी सवयीने दांडा हलवला. पहिला, दुसरा, तिसरा, रिव्हर्ससुद्धा. सगळे गिअर गुपचूप, बोटाच्या जोरावर पडले. मग त्याने इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, आणि पुन्हा तेच, दांडा जागचा हलेना.

मी तिथेच उभा राहिलो. अमरावतीला ज्या उस्तादांकडे शिकलो, त्यांनी हे शंभरदा सांगितलं होतं: इंजिन बंद असताना गिअर पडतो आणि सुरू असताना पडत नाही, तर बॉक्सला हात लावू नको, क्लचकडे जा. शंभरदा ऐकलेलं मला त्या शांततेनंतर पहिल्यांदा ऐकू आलं. त्या पिकअपच्या क्लचच्या लाइनमध्ये हवा शिरली होती. पेडल दोनदा पंप केलं की गिअर पडायचा. स्लेव्ह सिलिंडरचं रबर बदललं, हवा काढली, दिवेलागणीच्या आत गाडी मार्गी लागली.

रात्री फळीवरचा डबा काढला. शेतकऱ्याच्या गाडीतून काढलेल्या रिंगा मी ठेवून दिल्या होत्या. दिव्याखाली धरल्या. रिंगेचे दात अजून टोकदार होते, आतल्या बारीक रेषा बोटाला लागत होत्या. थोड्या झिजल्या होत्या, पण बदलायच्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेलो, गाडी घेऊन आलो, क्लच उघडला. फ्लायव्हीलच्या मध्यावर शाफ्टचं टोक टेकतं, तिथलं पायलट बेअरिंग जाम झालं होतं. क्लच दाबूनही इंजिन त्या बेअरिंगच्या वाटेने शाफ्टला फिरवत राहायचं. बोटाच्या पेराएवढा पार्ट. त्यांचे रिंगांचे आणि मजुरीचे पैसे मी परत दिले. "अरे, राहू दे बापू," ते म्हणाले. मी ठेवले नाहीत.

तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. आधी इंजिन बंद, सगळे गिअर. तरीही दांडा जड लागला तर चूक दांड्यापासून बॉक्सपर्यंतच्या वाटेत, म्हणजे वाळलेले बुश, ओढाताणीत ताणलेली केबल, वाकलेला रॉड. सुरू इंजिनात क्लच दाबून दहापर्यंत मोजायचं, मग हळूच रिव्हर्स. जुन्या बहुतेक बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणून तो खोटं बोलत नाही. दहा मोजूनही खरखरला, तर क्लच सुटत नाही हे नक्की. सगळं ठीक, पण चालत्या गाडीत एकच गिअर अडतो? मग मात्र आतली रिंग किंवा सिलेक्टर फोर्क, आणि तेव्हाच बॉक्स खाली घ्यायचा.

त्याही आधी पायाखाली पाहतो. आमच्याकडे पावसाळ्यात काळी माती चप्पलेला धरून येते, म्हणून ड्रायव्हर पेडलखाली बारदान अंथरतात. घडी पडली की पेडल तळापर्यंत जात नाही. दोन बोटं कमी गेलं तरी क्लच अर्धवट सुटतो. एकाने दोन ठिकाणी हजारो रुपये घालवले होते. मी त्याचं बारदान काढून बाहेर झटकलं आणि म्हटलं, आता टाक गिअर. पैसे कसले घेणार त्याचे!

हंगाम संपल्यावर चार महिने वावराच्या कडेला उभी राहिलेली गाडी आणखी वेगळी. पावसाळी ओलीने प्लेट शाफ्टच्या खाचांवर गंजते, मागेपुढे सरकत नाही, आणि पहिल्या दिवशी गिअर अजिबात पडत नाही.

तेलाबद्दल मात्र मी हट्टी आहे. थंडीत, जानेवारीच्या पहाटे दुसरा पडत नाही आणि तिवसा येईपर्यंत सगळं ठीक होतं, असं कोणी सांगितलं की मी विचारतो, तेल कोणी घातलं? जाड तेल तुपासारखं गोठतं आणि रिंगेला शंकू धरू देत नाही. डिफरन्शियलचं अतिदाबाचं तेल गिअरबॉक्समध्ये ओतलं तर त्यातली काही रसायनं पितळ खातात. तेल काढताना मी ते पांढऱ्या थाळीत घेतो आणि उन्हात नेतो. सोनेरी चमक दिसली तर पितळ झिजतंय. तेल काढायच्या बुचाच्या चुंबकाला काळी बारीक पेस्ट असणं वयाचं लक्षण. टोचणारे कण असले तर दात तुटलाय.

मागल्या वर्षी गावातल्या एका मुलाचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल आला. त्याने तिथे जुनी पिकअप घेतलीय, ऑटोमॅटिक. "काका, गेर हार्ड पडतात." मी ऑटोमॅटिक कधी उघडलेला नाही, हे त्याला आधी सांगितलं. तिथे क्लचचं पेडलच नाही; तेलाचा दाब हाच हात. दांडा अडत नाही, गाडीच गिअर बदलताना धक्का मारते. पण प्रश्न तोच चालला. कवा? सगळेच गिअर की एक? "सगळेच, आणि हळू चालवतानाही." तेल गरम असताना, इंजिन सुरू ठेवून डिपस्टिक पाहायला लावली. लाल होतं, जळका वास नव्हता. जुन्या ऑटोमॅटिकला इंजिनवर किती जोर आहे ते कळतं एका व्हॅक्यूमच्या नळीतून किंवा केबलमधून. नळी फाटली की त्याला वाटतं गाडी घाट चढतेय, आणि तो दाब वाढवून दणक्यात गिअर टाकतो. त्याने बोनेट उघडून फोन आत धरला. रबरी नळीचं टोक चिरलेलं होतं.

आपल्याकडे इसुझूच्या व्ही-क्रॉससारख्या पिकअपमध्ये ऑटोमॅटिक आला आहे. माझ्या शेडपर्यंत अजून नाही. आला तर तेलाचा रंग आणि वास यांपासूनच सुरुवात करणार.

आज संध्याकाळी मोर्शीकडची एक पिकअप आलीय. मालक म्हणतो, "बॉक्स उतरवून टाका भाऊ, परवा माल भरायचा हाय." ड्रायव्हर म्हणतो, पहाटे फक्त पहिली दहा मिनिटं तिसरा अडतो, नंतर नाही. आता गाडी गरम आहे, सगळे गिअर पडतात. आता उघडून मला काय दिसणार? रात्रभर शेडमध्ये राहू द्या म्हटलं. मालक नाराज होऊन बसने गेला. चावी मी माझ्या खिशात ठेवलीय आणि पोराला बजावलंय, सकाळी मी येईपर्यंत गाडीला कोणी सेल्फ मारायचा नाही.