रताळ्याचा केशरी गर आणि बेण्याचा प्रश्न



मागं रताळ्याच्या लावणीबद्दल लिहिलं होतं, तेव्हा तिघाचौघांनी विचारलं, "ते आतून केशरी निघणारं रताळं खरंच पौष्टिक असतं का, का नुसतं रंगाचं कौतुक?" याचं उत्तर दोन ओळीत होत नाही. गेले वर्षभर या विषयावर जे वाचलं, कृषी सहायकांना विचारलं आणि दोन वरंब्यांवर करून बघितलं, ते आज सविस्तर मांडतो.

आधी रंगाचं. गाजर, पपई, लाल भोपळा यांना जो रंग असतो तो बीटा कॅरोटिनचा. आपलं शरीर त्यापासून लागेल तेवढं अ जीवनसत्त्व तयार करतं. आपण आषाढीला नि महाशिवरात्रीला जे पांढऱ्या गराचं रताळं खातो त्यात पिष्ट भरपूर, पोट भरतं, पण हे बीटा कॅरोटिन जवळपास नसतं. केशरी गरात ते असतं आणि रंग जेवढा गडद तेवढं जास्त. म्हणजे रंग हेच इथं माप आहे. प्रयोगशाळा नसली तरी सुरीनं कापून कळतं.

अ जीवनसत्त्व कमी पडलं की काय होतं ते आमच्या पिढीनं बघितलंय. लहानपणी वाडीतल्या एका पोराला दिवेलागणीनंतर दिसायचं नाही. म्हाताऱ्या बाया त्याला शेळीचं काळीज भाजून द्यायच्या. तेव्हा हसायचो, पण काळजात अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं, त्यामुळं बायांचं बरोबर होतं. रातांधळेपणा ही दिसणारी खूण झाली. न दिसणारी गोष्ट अशी की अशा मुलाची रोगाशी लढायची ताकदच कमी होते. गोवर, हगवण ही दुखणी त्याला जड जातात. आपल्या देशात १९७० पासून मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. आता नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत नऊ डोस असतात.

माझी सून अंगणवाडी सेविका आहे. तिला मी म्हणालो, डोस मिळतोय तर मग रताळ्याचं काय नडलंय? ती म्हणाली, "मामा, डोस सहा महिन्यांतून एकदा. पोरगं जेवतंय रोज. आणि ज्याच्या ताटात भात नि पातळ आमटीशिवाय काही नसतं, त्याला गाजर-पपई कोण आणून देणार?" तिचा मुद्दा मला पटला. गरिबाच्या ताटात जे आधीच आहे त्यातच जीवनसत्त्व भरता आलं तर वेगळं काही विकत आणायला लागत नाही.

नेमका हाच विचार आफ्रिकेत झाला. मोझांबिक आणि युगांडा या देशांत रताळं हे उपासाचं नाही, रोजच्या जेवणाचं पीक आहे. तिथं ते जास्त करून बायका लावतात आणि पोरांना उकडून घालतात. पण तेही पांढऱ्या नाहीतर पिवळट गराचं. २००० साली मोझांबिकमध्ये मोठा पूर आला. त्या सुमाराला बाहेरून आणून निवडलेले केशरी वाण तिथं वाटले गेले. रंग झकास होता, पण हे वाण तिथल्या उन्हाळ्याला टिकेनात. दुष्काळ पडला की वेल जळायचे आणि वेल जळाला की पुढच्या हंगामाला बेणंच नाही.

दुसरी अडचण तोंडाची. रंग वाढला की बहुधा गरात पाणी वाढतं आणि पिठूळपणा कमी होतो. तिथल्या मोठ्या माणसांना रताळं कोरडं, पिठूळ लागतं. पिचपिचीत रताळं त्यांना आवडत नाही. लहान मुलं मात्र मऊ, गोड गर आनंदानं खातात.

मग मारिया आंद्राजे या बाईंनी मोझांबिकमध्येच पैदास सुरू केली. या मूळच्या केप व्हर्दे बेटांवरच्या, आणि काम आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात. रताळ्याची पैदास फार किचकट असते. माणसात गुणसूत्रांचे दोन संच असतात, रताळ्यात सहा, एकूण ९०. पुष्कळ वाणांचा एकमेकांशी संकरच होत नाही. झाला तर एका बोंडात एक ते चार बिया. आणि दोन बिया कधी सारख्या नसतात, प्रत्येक बी म्हणजे एक नवा वाण. हजारो रोपं वाढवायची, त्यातली हातावर मोजण्याइतकी ठेवायची, बाकीची फेकायची. एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे. चांगलं रोप एकदा सापडलं की पुढं ते वेलाच्या तुकड्यानं जसंच्या तसं वाढतं. दरवर्षी बी विकत घ्यायला लागत नाही. आणि हा सगळा साधा संकर आहे, यात जनुक बाहेरून घातलेला नाही.

पूर्वी नवं रोप आधी एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं तपासायचे, मग दुसऱ्या ठिकाणी न्यायचे. या लोकांनी सुरुवातीपासूनच वेगवेगळ्या हवामानाच्या ठिकाणी एकदम लावणी केली. त्यामुळं सात-आठ वर्षांचं काम चार-पाच वर्षांवर आलं. २०११ साली मोझांबिकमध्ये दुष्काळ सोसणारे १५ केशरी वाण एकदम प्रसारित झाले. लोकांच्या नजरेत रंग बसावा म्हणून गाड्या आणि बाजारातले ठेलेसुद्धा केशरी रंगवले. युगांडात रॉबर्ट म्वांगा यांनी तिथल्या विषाणू रोगापुढं टिकणारे वाण काढले. तिथं हा रोग शेतच्या शेत संपवतो.

आता मुलांना फायदा झाला का? जॅन लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ ते २००५ या काळात मोझांबिकच्या झांबेझिया प्रांतात हे तपासलं. काही गावांत वेली दिल्या, आयांना मुलांच्या आहाराचं समजावलं आणि जादा मालाला बाजार मिळवून दिला. त्या गावांत रक्तात अ जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलांचं प्रमाण ६० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आलं. जिथं यातलं काही केलं नव्हतं तिथं म्हणावा असा फरक पडला नाही. या तिघांना आणि पिकांतच पोषण वाढवायचा विचार जगभर नेणाऱ्या हॉवर्थ बुइस यांना मिळून २०१६ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केलेला हा पुरस्कार आहे.

या सगळ्यातून मला जे कळलं ते असं. गरात जीवनसत्त्व भरणं हा कामाचा एक भाग झाला. वेल उन्हाळ्यात जगला पाहिजे, घरच्या बाईला तो शिजवावासा वाटला पाहिजे आणि पोरानं खाल्लं पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तरी कागदावरचं जीवनसत्त्व कागदावरच राहतं.

आपल्याकडं काय आहे? तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेचा 'भू सोना' हा केशरी गराचा वाण २०१७ सालचा आहे, ओडिशासाठी शिफारस केलेला. त्यात १०० ग्रॅमला १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन आहे. उत्पादन हेक्टरी १९.८ टन सांगितलंय. त्याच संस्थेचा 'भू कृष्णा' जांभळ्या गराचा आहे, त्याचा गुण वेगळा. आपल्या हिशोबात हेक्टरी १९.८ टन म्हणजे गुंठ्याला साधारण दोन क्विंटल. शिजवताना काही घट होते ती धरली तरी १०० ग्रॅमच्या आत लहान मुलाची दिवसाची गरज भागते. आता बघा, अंगणवाडीत ४० मुलं असतील आणि प्रत्येकाला १०० ग्रॅम द्यायचं म्हटलं तर दिवसाला चार किलो. एका गुंठ्यात ५० दिवस निघतात. एका गुंठ्याची ही गोष्ट आहे, एकराची नाही.

पण बाजाराचं खरं तेच सांगतो. माझं रताळं मार्केट यार्डात जातं. तिथं करमाळ्याकडून, बेळगावकडून माल येतो आणि गिऱ्हाईक बघतंय ते लाल साल आणि आतून पांढरं. आमच्या आडत्याला केशरी कापून दाखवलं तर तो म्हणाला, "अण्णा, हे गाजर निघालं म्हणून गिऱ्हाईक परत आणून टाकंल." त्याच्या जागी तो बरोबर आहे. आषाढीच्या चार दिवसांवर माझं वर्षाचं गणित असतं. ते गणित मी केशरीवर लावणार नाही आणि तुम्हालाही लावा म्हणणार नाही. विकायचं ते पांढरं, घरात आणि वाडीत खायचं ते केशरी, असं मी ठरवलंय.

घरी काय झालं तेही सांगतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडून केशरी वाणाचे तुकडे आणून दोन वरंबे लावले. मंडळींनी एकादशीला कीस केला तर तो गाजरासारखा दिसायला लागला. म्हातारी म्हणाली, "हे उपासाला चालतंय का?" रताळं ते रताळं, रंगानं जात बदलत नाही, असं सांगितल्यावर तिनं खाल्लं. तिचं म्हणणं एवढंच, पांढऱ्यापेक्षा जरा ओलसर लागतंय. नातवंडांनी मात्र नुसतं उकडलेलं संपवलं. उकडताना सालासकट, झाकण ठेवून उकडा आणि खाताना थोडं तूप किंवा शेंगदाण्याचं कूट घ्या. स्निग्ध पदार्थ सोबत असला तर बीटा कॅरोटिन अंगी लागतं. उन्हात वाळवून साठवू नका, त्यात ते बरंच उडून जातं.

आता बेणं. लावायची इच्छा असून वाण जातो तो इथं. पांढऱ्याचं बेणं कुठंही मिळतं, केशरीचं एकदा मेलं की शोधत फिरावं लागतं. आफ्रिकेत यावर वाळूची युक्ती वापरतात. काढणीच्या वेळी भुंगा न लागलेली, न कापलेली, लहान रताळी निवडायची. घमेल्यात किंवा खड्ड्यात कोरड्या वाळूचा थर, त्यावर रताळी एकमेकाला न लागता, परत वाळू. सावलीत ठेवायचं. महिन्यातून एकदा बघून कुजलेली काढून टाकायची. पावसाच्या सहा ते आठ आठवडे आधी वाफ्यात पुरून पाणी द्यायचं, कोंब फुटून वेल तयार होतात. मी यंदा दोन घमेली ठेवली होती. दोन रताळी कुजली, बाकीची शाबूत निघाली. आता विहिरीखालच्या वाफ्यात वेल हातभर झालेत.

दोन गोष्टी सांभाळा. ज्या वेलाची पानं आकसलेली, पिवळी-चट्टेरी दिसतील त्याचं बेणं धरू नका, विषाणू तुकड्यातून पुढं जातो आणि उत्पादन दरवर्षी घटत जातं. आणि वरंब्याला भर लावून भेगा बुजवत राहा, भुंगा भेगेतूनच रताळ्यापर्यंत पोचतो.

गुंठ्याला ६० बाय २० सेंटिमीटरवर साधारण आठशे तुकडे लागतात. तेवढे सगळ्यांना देण्याइतके माझ्याकडं नाहीत, पण शंभर-शंभर तुकडे पाच-सहा जणांना मिळतील. त्यातून एका हंगामात तुमचं तुम्हाला बेणं होतं. पैसे नकोत. येताना ओलं पोतं आणा, वेल वाटेत सुकत नाही. आपल्या वाडीतल्या अंगणवाडीजवळ कुणाची पाण्याखालची जागा असेल तर त्याला आधी देईन. पुढच्या काढणीला सगळ्यांची वजनं आणि भुंग्याचा हिशोब एकत्र करू, म्हणजे आपल्या मातीत हे कसं येतं ते आपल्याच आकड्यांवरून कळेल.