किल्लारीची खातेवही

औशाहून उमरग्याकडे जाताना किल्लारी लागते. आजचे गाव नवे आहे, सरळ रस्त्यांचे. जुने गाव जेथे होते तेथे आता मोडक्या जोत्यांवर बाभळी वाढल्या आहेत. काळ्या दगडांचे ढीग पाहून वाटसरूस कल्पनाही येत नाही की येथे नांदती घरे होती.

माझ्या मामांचे किराणा दुकान जवळच्याच एका बाजारगावी होते. ते सांगत, १९९२ च्या पावसाळ्यापासूनच जमिनीतून गुरगुर ऐकू येई. कोणी म्हणे जाते फिरते आहे, कोणी म्हणे देवीचा कोप. धक्के बसले की माणसे अंगणात निजत. पुढे धक्के विरळ झाले आणि भीतीही विरली. सरकारी नकाशावर हा मुलूख तेव्हा भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भीती विरण्यास एवढे कारण पुरेसे असावे.

घरे माळवदाची, दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळयांवर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात याहून सुखाचे घर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तोच थर निजलेल्यांच्या अंगावर आला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावाने गणपती विसर्जित केला होता, आमच्या घरी दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. मिरवणुकीमुळे उशिरापर्यंत बाहेर राहिलेले काही तरुण वाचले, असे मामा सांगत. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत मिळून हजारो माणसे गेली. त्यात पाऊस लागला.

चौथ्या दिवशी मामा खातेवही बगलेत मारून निघाले. मामींनी विचारले, “अहो, अशा वेळी वसुली?” ते काही बोलले नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये कार्यकर्ते वाचलेल्यांच्या याद्या करत होते, पण कोणत्या घरी किती माणसे होती हे सांगणारेच उरले नव्हते. मामांच्या वहीत ते होते: कोणाकडे किती शेर साखर लागते, कोणाच्या घरी बाळंतीण, कोणाची मुले शाळेला लातुरास. दोन दिवस ते पाने उलटीत नावे सांगत बसले. पुढे भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. त्यांतल्या काहींच्या वडिलांची खाती याच वहीत होती.

येणे त्यांनी कधी मांडले नाही, नावांवर काटही मारली नाही. वही अजून मामेभावाच्या गल्ल्यामागच्या फळीवर आहे. शेवटच्या नोंदी चतुर्दशीच्या सकाळच्या: नारळ, गुलाल, उदबत्ती, सव्वा शेर साखर.